एक काना

हिमानीनं खोडरबरानं काना पुसला, कागदावर फुंकर मारली आणि शब्द वाचून पाहिला. 'आमची कळी.' दिसायला काय गोंडस! तिचं डोकंच फिरलं. पेन्सिल घेऊन तिनं तो काना परत ओढला, इतका दाबून की शिसाचं टोक मोडून टेबलाखाली गेलं.

"केलंस ना?" फोनवर पुण्याहून सत्यजित विचारत होता.

"नाही केलं."

"अगं, एक काना तर काढायचाय. कोणाच्या बापाचं काय जातंय?"

सत्यजित पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेचा संपादक. माणूस वाईट नव्हता. अमेरिकेतल्या एका कॉलेजगावात पीएच.डी. करणाऱ्या, एकही पुस्तक नावावर नसलेल्या मुलीला त्यानंच अनुवादाचं काम दिलं होतं, आणि वर्षभर तिचे सगळे उशीर पोटात घातले होते. म्हणूनच तिला जास्त राग येत होता. वाईट माणसानं हे सुचवलं असतं तर फोन ठेवून मोकळं होता आलं असतं.

कादंबरी झवादी चारो यांची. मूळच्या मोंबासाच्या, वय पासष्टच्या आसपास, आणि या वर्षी इथेच, स्टेट कॉलेज या गावातल्या युनिव्हर्सिटीत, पाहुण्या प्राध्यापक म्हणून आलेल्या. त्यांची आई मोंबासात एका भारतीय रेल्वे इंजिनिअरच्या घरी अकरा वर्षं कामाला होती. मायलेकी त्याच घराच्या मागच्या खोलीत राहायच्या. कादंबरी त्या आईचीच. पुस्तक प्रसिद्ध होऊन बारा वर्षं झाली होती, कितीतरी भाषांत गेलं होतं, कॉलेजांत लागलं होतं. हिमानीनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मालकिणीचं नाव बघून ती बसमध्ये उभीच राहिली होती. लहानग्या मुलीला ते नाव 'वैनी' असं ऐकू आलं होतं. वैनी! म्हणजे वहिनी! जगाला वाटत होतं की भारतात बायकांचं असं एखादं नाव असेल, आणि हिमानीला मात्र कळलं होतं की हे घर मराठी होतं. केवढा आनंद झाला होता तिला. आईला फोन, मैत्रिणींना फोन, गावातल्याच विनीताकाकूंना फोन. आफ्रिकन कादंबरीत आपली माणसं! त्या आनंदाच्या भरातच तिनं हा अनुवाद मागून घेतला होता.

आपली माणसं. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटे.

कारण त्या आईचं नाव. घरात तिला सगळे एकाच नावानं हाक मारत, आणि इंग्रजीत ते सलग नऊ अक्षरांत छापलेलं होतं. सेमिनारमध्ये त्याचा उच्चार 'अम्चिकली' असा होई. कोणा विद्वानानं तळटीप दिली होती की किनाऱ्यावरच्या बोलीत याचा अर्थ 'पहाटे आलेली' असा आहे, आणि पुढच्या सगळ्या विद्वानांनी ती तळटीप डोळे मिटून उचलली होती. हिमानीनंही एका पेपरात उचलली होती. मग अनुवादाला बसल्यावर ते नाव पहिल्यांदा देवनागरीत टाइप करायची वेळ आली. अ की आ? ल की ळ? तिनं एकेक करून पाहिलं. चौथ्या वेळी स्क्रीनवर जे उमटलं ते बघून ती तशीच बसून राहिली, गॅसवरचं वरण करपेपर्यंत.

आमची काळी.

"आणि मुळात कशावरून काळी?" सत्यजित म्हणत होता. "इंग्रजी स्पेलिंगला काना कुठे असतो? कळीसुद्धा तसंच लिहिणार. प्रेमानं म्हणत असतील, आमची कळी."

"सत्यजितदादा, तुमच्याकडे भांड्यांना येतात त्यांना घरात कोण कळी म्हणतं?"

मग त्यानं खरं कारण सांगितलं. नैरोबीत चाळीस वर्षं काढून परतलेले एक ज्येष्ठ गृहस्थ प्रस्तावना लिहायला तयार झाले होते. तिकडून आलेल्या मराठी कुटुंबांत त्यांच्या शब्दाला मान होता. हे नाव असं छापलं तर ते प्रस्तावना देणार नाहीत, लोकांच्या भावना दुखावतील, आणि सोमवारी तर पुस्तक छपाईला द्यायचंय. अगदीच पटत नसेल तर लेखिकेलाच विचारून घे, असं म्हणून त्यानं चेंडू तिच्याकडे टोलवला.

भावना! अकरा वर्षं एका बाईला तिच्या नावानं हाक मारली नाही, तेव्हा कुठे शेण खायला गेल्या होत्या या भावना? हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, सोमवारपर्यंत कळवते.

लेखिकेला विचार म्हणे. तीन वेळा ती विचारायला म्हणून झवादी चारोंच्या ऑफिसात गेली होती, आणि तीनही वेळा मोंबासाच्या आंब्यांबद्दल काहीतरी विचारून परतली होती. तिचं धाडस होत नव्हतं ते कादंबरीच्या शेवटामुळे. म्हातारी आई सरकारी हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय. नर्स रजिस्टर उघडून नाव विचारते. आणि आई स्वतःचं खरं नाव न सांगता त्या घरातलं नाव सांगते. झवादी हे पान जाहीर वाचत तेव्हा लोक रुमाल काढत, असं तिच्या कानावर होतं. बिचारीला आयुष्यात एकच लाडकं नाव मिळालं होतं, असं सगळ्यांना वाटे. हिमानीलाही तसंच वाटलं होतं. आता त्या लेकीसमोर उभं राहून कसं सांगायचं, की जे नाव उराशी धरून तुमची आई गेली ते नाव नव्हतंच? आणि नाही सांगायचं, तर त्या बाईच्या नावाखाली हे गोड खोटं छापायचं का? त्यावर अनुवादक म्हणून आपलं नाव घालायचं?

ती जाकीट चढवून बससाठी धावली. रस्त्यावर बर्फाचा राडा झाला होता. तिला धावताना बघून बस थांबून राहिली, नेहमीसारखी. या रूटवर सकाळी एकच ड्रायव्हर असे, पन्नाशीची, मोठ्या चष्म्याची, गेली दोन वर्षं हिमानीसाठी अर्धा-एक मिनिट हमखास थांबणारी. हिमानी पायरी चढतेय तोच नागपूरहून आईचा फोन आला. बस मिळाली का, हा तिचा रोजचा प्रश्न.

"मिळाली गं. काळी होती म्हणून मिळाली. दुसरं कोणी थांबलं नसतं."

"देवमाणूस आहे हो तुझी काळी. मागच्या वर्षीसारखा तिळगूळ देशील ना तिला? विसरू नको."

हिमानी हो म्हणाली. ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे बघून मान हलवली. हिमानीही हसली, खिडकीशी जाऊन बसली आणि पुन्हा सत्यजितवर चिडायला लागली.

संध्याकाळी ती विनीताकाकूंकडे गेली. काकू या गावात बावीस वर्षं राहत होत्या, युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये काम करत होत्या, आणि इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीचं हक्काचं घर म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. हिमानीच्या पहिल्या हिवाळ्यात काकूंनी अंगावरचा कोट काढून तिच्या अंगावर घातला होता. शनिवारी त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि झवादी चारोंना खास आमंत्रण होतं. 'आपल्या वहिनीची लेखिका' असं काकू सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. झवादी इंग्रजी वाचणार, हिमानी मराठी वाचणार, मग चहा.

काकू गरम पाकाचे लाडू वळत होत्या. हिमानीही हाताला तूप लावून बसली आणि वळता वळता तिनं सगळं सांगितलं. काकूंचा हात एकदाच थांबला.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? आपल्यात म्हणतातच की. मला नाही का माहेरी सगळे काळी म्हणायचे? गोऱ्या बहिणींत मी एक अशी. आत्या तर पाहुण्यांसमोर म्हणायची, ही आमची काळी. मी काय मेले? त्यात वाईट हेतू नसतो गं. आता आमच्या लॅबमधली काळीसुद्धा—"

काकू थांबल्या. हातातला लाडू त्यांनी इतका दाबला की त्याचा चुरा झाला. तो परातीत टाकून त्यांनी नवा घेतला.

"कळीच कर बाई," त्या म्हणाल्या. "गोड वाटतं. त्यांनाही बरं वाटेल, आपल्यालाही."

हिमानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण समोरची बाई परकी नव्हती, तिनं दिलेला कोट त्या क्षणी दाराशी खुंटीला लटकत होता. पाक कडक होत चाललाय, एवढंच हिमानी म्हणाली, आणि दोघींनी भराभर हात चालवले.

शनिवारी दुपारी काकूंच्या बेसमेंटमध्ये बारा-तेरा बायका जमल्या, सगळ्या काळ्या साड्यांत. कोणाची चंद्रकळा, कोणाची काळी पैठणी, कोणाची शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून मागवलेली. झवादी चारो आल्या त्या पिवळ्याधमक ओढणीसारखं वस्त्र खांद्यावर घेऊन. काकूंनी त्यांना मानानं मधल्या खुर्चीवर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि हातावर तिळगूळ ठेवला. हा खाऊन गोड बोलायचं असतं, हे इंग्रजीत समजावून सांगितलं.

"आजच्यापुरतं?" झवादींनी विचारलं.

वर्षभर, असं सगळ्या एकदम म्हणाल्या आणि हसल्या. मग झवादींनी साड्यांबद्दल विचारलं. एरवी सणाला काळं वर्ज्य, पण संक्रांतीला काळ्याचा मान, असं नीनानं सांगितलं. नीना काकूंची शेजारीण, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, बोलायला चटपटीत.

"म्हणजे वर्षातून एक दिवस," झवादी म्हणाल्या. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला नाही, हातातच ठेवला.

हिमानीची फाइल मांडीवर होती. आत शेवटच्या पानाच्या दोन प्रती होत्या, एक काना असलेली, एक नसलेली. येताना गाडीत सांगायचं असं तिनं पक्कं ठरवलं होतं. झवादी तिला घ्यायला स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या, वीस मिनिटं दोघीच होत्या. झवादी आपल्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलत राहिल्या आणि ही नुसती 'हो का, हो का' करत राहिली. घाबरट कुठली! लोकांवर चिडायला हिला बरं जमतं, असं तिला स्वतःबद्दल वाटलं.

झवादींनी चष्मा लावला आणि हॉस्पिटलचं पान काढलं. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला होता. नर्स येते. नर्स रजिस्टर उघडते. नाव विचारते. आणि मग ते नाव आलं.

हिमानीनं ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. वर्गात त्या 'माझी आई' म्हणत, कधी नाव घेत नसत. आता त्यांनी घेतलं, आणि त्यात अम्चिकली नव्हतं, कळीही नव्हती. आ स्वच्छ, का चांगला लांब, आणि शेवटचा ळ असा, की तो कोणा मराठी बाईच्याच तोंडून कानांवर पडलेला असणार. इतकी वर्षं अमेरिकेत राहिलेल्या मोंबासाच्या बाईच्या जिभेवर तो ळ जसाच्या तसा शाबूत होता. बेसमेंटमधल्या प्रत्येक बाईनं तो ऐकला. कोणी निऱ्या सारख्या केल्या. कोणी हातातल्या बशीत डोकावून पाहिलं.

वाचन संपलं. टाळ्या जरा उशिरा पडल्या. आणि मग काकूंना राहवलं नाही. पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये, घरात आज काही वाकडं घडू नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. त्या पुढे झुकल्या आणि हसऱ्या चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाल्या, की हे नाव आमच्या भाषेतलंच आहे बरं का, त्याचा अर्थ आमची फुलाची कळी. किती गोड, नाही?

"हो, कळी," नीना म्हणाली.

मग आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. बड, फ्लॉवर बड. माना डोलल्या. तेरा शिकल्यासवरलेल्या बायका, कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्या मिळून एका म्हाताऱ्या लेकीच्या तोंडावर साखर पेरत होत्या. हिमानी मान डोलवत नव्हती, पण मूग गिळून बसली होती. त्यात काय मोठा फरक होता!

झवादी चारोंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मग खुर्ची वळवून हिमानीकडे पाहिलं.

"तू अनुवाद केलायस. तू सांग. कळी?"

काकू तिच्याकडे बघत होत्या. ती नजर विनवणीची होती.

"नाही," ती म्हणाली. "ते दोन शब्द आहेत. आमची म्हणजे आमच्या मालकीची. काळी म्हणजे काळी. कळी वेगळी."

वरच्या मजल्यावर पुरुषमंडळींनी मॅच लावली होती, तिथला गलका तेवढा ऐकू येत होता. झवादींनी हातातला तिळगूळ बशीत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि अगदी सरळ मराठीत म्हणाल्या,

"कढई काळी झालीय. घास."

एकेका शब्दाला जुन्या मालकिणीचा ठसका होता. काकूंचा हात आपसूक पदराकडे गेला.

"माझं मराठी एवढंच," झवादी पुन्हा इंग्रजीत म्हणाल्या. "नऊ वर्षांची होईपर्यंत मी हे रोज ऐकलं. अकरा वर्षं माझ्या आईनं ते ऐकलं. कढई काळी, भिंत काळी, पावसाळी आभाळ काळं. तुम्हाला काय वाटलं, तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता?"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. तीस वर्षांपूर्वी शिकागोला असताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका साडीच्या दुकानात त्यांनी एका मराठी बाईंना मुद्दाम या नावाचा अर्थ विचारला होता. त्या बाई म्हणाल्या होत्या, कळी. वर चहा पाजला होता. नंतर विमानात शेजारी बसलेले एक डॉक्टर म्हणाले, कळी. पुस्तक आल्यावर एका परिषदेत एक प्राध्यापक सही घ्यायला आले, तेही म्हणाले, कळी. फार गोड माणसं, सगळी. लायब्ररीत चौथ्या मजल्यावर तुमचा जुना शब्दकोश आहे, त्यात हे दोन शब्द एकमेकांपासून फार लांब नाहीत.

"आईचं नाव काद्झो होतं. मरतानाही तिला ते पक्कं आठवत होतं. पण सरकारी रजिस्टर समोर उघडलं होतं, आणि तिला ते लिहून हवं होतं. अकरा वर्षं काय म्हणून हाक मारली, ते एकदा कुठेतरी शाईनं लिहून हवं होतं. नर्सला लिहिता आलं नाही म्हणून तिनं दोनदा सांगितलं. लोक हे पान ऐकून रडतात. मी रडण्यासाठी लिहिलं नव्हतं. बारा वर्षं मी वाट बघतेय, ज्याला वाचता येतं असं कोणीतरी एक येईल आणि मला खरं सांगेल. आणि तू," त्या हिमानीला म्हणाल्या, "तू तीनदा माझ्या ऑफिसात आलीस आणि तीनदा आंब्यांबद्दल विचारलंस."

हिमानीचे कान तापले. काकू उठून उभ्या राहिल्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही कळलेलं दिसत नव्हतं.

"मलाही माहेरी काळी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात."

"शाळेत हजेरीला काय नाव होतं?" झवादींनी विचारलं.

"विनीता."

झवादींनी मान हलवली. काकू खाली बसल्या.

मग झवादी म्हणाल्या, मराठीत कसं झालंय ते ऐकू या. हिमानीनं फाइल उघडली. कळीवालं पान तिनं मागे सरकवलं आणि दुसरं समोर धरलं. वाचायला सुरुवात केली. नर्स आली, रजिस्टर उघडलं, नाव विचारलं. पुढच्या ओळीवर तिचे डोळे अडकले. 'आईनं लाडानं, सावकाश सांगितलं.' इंग्रजीत फक्त सावकाश होतं. लिहून घ्यायची गोष्ट सांगावी तसं सावकाश. लाडानं हा शब्द कुठून आला होता? कोणी सुचवला नव्हता, ना सत्यजितनं, ना काकूंनी. तो तिनं स्वतः घातला होता, एका रात्रीत, कोणी न सांगता, फार छान जमलंय असं वाटून.

तिनं तो शब्द गाळला. "आईनं सावकाश सांगितलं," ती म्हणाली, आणि मग दोन शब्द, सुटे सुटे, काना देऊन. खोलीतली प्रत्येक साडी काळी होती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. नंतर त्यांनीच सगळ्यांना चहा दिला आणि झवादींच्या कपात साखर किती हे विचारताना त्यांना 'झवादीताई' म्हटलं. झवादींनी चहा घेतला. तिळगूळ बशीतच राहिला.

रविवारी हिमानीनं सगळी प्रुफं परत वाचली. लाडानं, मायेनं, कौतुकानं असे आणखी सात शब्द निघाले, सगळे तिच्याच पदरचे. तिनं ते खोडले, काना ठेवला आणि फाइल पाठवून दिली. खाली लिहिलं की प्रस्तावना नसली तरी चालेल, पुस्तक नाही निघालं तरी चालेल, पण निघालं तर असंच. सोमवारी सकाळी सत्यजितचं उत्तर आलं. गृहस्थांनी अंग काढून घेतलं होतं. छपाई तूर्त थांबली होती. पण शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'लाडानं काढलंस ते बरं केलंस. मला तेव्हाच खटकलं होतं, बोललो नाही.' ते वाचून तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. काकूंनी दिलेला तिळगुळाचा डबा पिशवीत टाकून ती निघाली. उशीर झाला होता, पण तिला खात्री होती.

बस थांबलेली होतीच. ती चढतेय तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. इअरफोन घरी राहिले होते. आईचा आवाज दारापासून मागच्या सीटपर्यंत पोचला.

"दिलास का गं काळीला तिळगूळ?"

हिमानीचा हात डब्याच्या झाकणावर होता. ड्रायव्हरनं हसून हात पुढे केला, लाडू घेतला, पूर्ण तोंडात टाकला आणि चावता चावता फोनमधल्या आईला हात हलवून दाखवला. आईनंही हलवला.

मग ड्रायव्हर हिमानीला म्हणाली, "दोन वर्षं विचारीन म्हणतेय. तू आणि तुझी आई मला काहीतरी म्हणता ना? कली. मीच ना ती? काय अर्थ गं त्याचा?"

तिच्या तोंडी तो शब्द धड कळीही नव्हता आणि धड काळीही नव्हता. काना कुठे द्यायचा ते हिमानीवरच होतं. रांगेतली मागची दोघं वाट बघत उभी होती. ड्रायव्हरच्या जाकिटावर नावाची पट्टी होती, दोन वर्षं तिथेच असणार. हिमानीनं ती वाचली. लोरेन.

"सांग ना," लोरेन म्हणाली. "छान वाटतं ऐकायला."

हिमानीनं फोन बंद केला, आणि काना न गाळता अर्थ सांगितला.

बस बराच वेळ जागची हलली नाही.